वहिनीने न वाचलेली ओळ

माझ्या वहिनीला तिच्या छापखान्यात ‘वेलांटी’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. एका वेलांटीसाठी तिने एकदा चालू यंत्र थांबवायला लावलं होतं आणि मालकाने सगळ्यांसमोर कपाळावर हात मारून घेतला होता. चौतीस वर्षं तिने मुद्रितं तपासली. वर्तमानपत्रं, शाळेची पुस्तकं, औषधांच्या खोक्यातल्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. घरी तिच्या हातात काहीही छापील द्या, बिस्किटांचा पुडा का असेना, ती तो वाचणार आणि चूक काढणार. मी तिची नणंद. चुका काढण्याचा मान खरं तर माझा, पण या घरात तो मला कधी मिळालाच नाही.

एरवी आमचं चांगलं जमतं. ती मला ‘अगं’ म्हणते, मी तिला ‘वहिनी, तू’ म्हणते. ती रागावली की मात्र मी एकदम ‘वन्सं’ होते आणि ‘तुम्ही’ होते. तेवढ्यावरून मला हवा कळते.

दादा, माझा थोरला भाऊ, पाट्या रंगवायचा. दुकानं, दवाखाने, गॅरेजं, शाळा, एक पुढे बुडालेली बँक. त्याचं अक्षर दुरून ओळखू यायचं. त्याच्या ‘ल’ला पोट असायचं, ‘श’ची गाठ जरा वर बांधलेली असायची आणि ‘ळ’चा उजवा गोल डाव्यापेक्षा बारीक. हा बारीक गोल कसा आला ते तो रंगवून सांगायचा. त्याची पहिली पाटी ‘निर्मळ’ नावाच्या लॉन्ड्रीची. शेवटच्या अक्षरापाशी फळी संपत आली, गोल आखडता घ्यावा लागला, आणि मग तोच त्याला आवडून गेला. मला बाराखडी त्यानेच शिकवली. फरशीवर खडूने काढायचा आणि मी त्यावरून बोट फिरवायचे. आजही कुणी ‘ळ’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तोच लंगडा ‘ळ’ येतो.

त्याची एक सवय होती. पाटी टांगल्याशिवाय तो ती गिऱ्हाइकाला दाखवत नसे. चादरीत गुंडाळून न्यायचा, खिळे ठोकायचा आणि मग चादर ओढायचा. अर्धवट काम बघितलेला माणूस पुरं झालेलं काम बघतच नाही, असं त्याचं म्हणणं.

पुढे छापील फलक आले आणि ब्रशाचं काम गेलं. दादा घरात बसून जाड कार्डांवर एकेक अक्षर काढू लागला. सगळी मुळाक्षरं, सगळी जोडाक्षरं, दोन पेट्या भरून. चित्रकला शिकवणाऱ्या एका बाईंनी ती पाहिली आणि दोन वर्षं खपून त्यांचा फॉन्ट केला. एक साधा, एक ठळक. दोन्ही एका पेन ड्राइव्हमध्ये घालून दिले आणि त्या दूरच्या नोकरीवर निघून गेल्या. फॉन्ट म्हणजे काय ते दादाला कधी नीट कळलं नाही. ‘माझा हात डबीत भरून दिलाय,’ असं तो लोकांना सांगायचा.

त्यानंतर वर्षभरात त्याचे डोळे बिघडले. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली आठ-दहा महिने धरून चाला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दादा माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबला.

“मला माझं अक्षर एकदा पुस्तकात बघायचं होतं,” तो म्हणाला. “पाटी लोक चालता चालता वाचतात गं. पुस्तक बसून वाचतात.”

वहिनी दोन पायऱ्या खाली होती. तिने ऐकलं आणि रिक्षा थांबवली. घरी पोचल्यावर चहासुद्धा न टाकता वही घेऊन बसली आणि दादाला म्हणाली, “सांगा. पहिली पाटी कुठली?”

दीड महिन्यात पुस्तकाचा मजकूर झाला. पाट्यांच्या आठवणी, छोट्या छोट्या, साधारण साठ-पासष्ट पानांच्या. वहिनी ते घेऊन आपल्या जुन्या छापखान्यात गेली. तिथल्या नव्या ऑपरेटरने दादाचा फॉन्ट त्याच्या कंप्युटरवर घालून पाहिला, तर सगळी जोडाक्षरं फुटली. आमच्याकडे हे होणार नाही, पानं तयार करून आणा, आम्ही छापून देतो, असं तो म्हणाला. कुणी तयार करायची, ते काही बोलला नाही.

पेन ड्राइव्हबरोबर बाईंनी एक चिठ्ठी ठेवली होती. तिच्यात अक्षरजुळणीच्या एका फुकट मिळणाऱ्या प्रणालीचं नाव होतं. या प्रणालीत माऊसने काही करायचं नसतं. मजकूर लिहायचा आणि मध्ये मध्ये आज्ञा लिहायच्या, हे ठळक कर, इथे नवं पान घे, आणि यंत्र त्यावरून पानं जुळवून देतं. वहिनी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती आणि कंप्युटरवर तिने वीज बिलापलीकडे काही केलेलं नव्हतं. पण आज्ञांची कल्पना तिला पसंत पडली. “अगं, या तर आमच्याच खुणा,” ती म्हणाली. “आम्ही समासात करत होतो, इथे मजकुरात करायच्या. एवढंच.”

एवढंच नव्हतं. माझ्या मुलाचा जुना कंप्युटर तिने खिडकीजवळच्या टेबलावर मांडला आणि रोज सकाळी दहा ते एक ती त्याच्यापुढे बसू लागली. माहितीपुस्तिका परभाषेत, शेजारी शब्दकोश, मांडीवर वही. पहिल्या दिवशी यंत्राने साठ पानं भरून रिकामे चौकोन काढून दिले. “बघ, एकही चूक नाही,” वहिनी मला म्हणाली, पण तिचा आवाज कोरडा होता. आठवडाभराने अक्षरं आली, ती मोडकी. ‘प्र’मधला ‘र’ वेगळा पडलेला, आणि वेलांट्या भलत्याच अक्षरांना जाऊन चिकटलेल्या. नेमक्या वेलांट्या. त्या दिवशी मी चेष्टा केली नाही. मजकूर कुठल्या लिपीत आहे तेही यंत्राला वेगळं सांगावं लागतं, हे शोधायला तिला अठरा दिवस लागले. दादा आतल्या खोलीत रेडिओ लहान करून ऐकत बसे आणि तिचं पुटपुटणं थांबलं की काळजीने विचारी, “अगं, आहेस ना?”

मग एका सकाळी पहिलं पान आलं. दादाच्या अक्षरात, सगळी जोडाक्षरं धड. फॉन्ट कुठे ठेवलाय तो पत्ता यंत्राला सांगायचा असतो. फॉन्ट पेन ड्राइव्हवर होता, पेन ड्राइव्ह कंप्युटरला लावलेला होता, म्हणून वहिनीने तोच पत्ता लिहिला. दुसरं काही करतात हे तिला माहीत नव्हतं. पडद्यावरच्या त्या पानाकडे ती किती तरी वेळ बघत होती. तिने हाक मारली तेव्हा दादा दारापर्यंत आला आणि तिथूनच म्हणाला, “सुटं पान नको. टांगल्यावर बघीन.”

पुढच्या महिन्यात तिने शीर्षकांसाठी ठळक फॉन्ट बसवला. एव्हाना ती शहाणी झाली होती. फॉन्टची फाइल पुस्तकाच्या फाइलींशेजारीच आणून ठेवायची, हे ती पुस्तिकेत शिकली होती. ठळक फॉन्ट तिने तसाच ठेवला. साध्याला हात लावला नाही. तो चालत होता आणि चालत्या गोष्टीत बोट घालायचं तिचं धाडस नव्हतं. मग तिच्या मनात आलं की पेन ड्राइव्ह एकच आहे, बाई इथे नाहीत, तो हरवला तर संपलंच. तिने तो काढला, रुमालात गुंडाळला आणि लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात, घराच्या कागदपत्रांशेजारी ठेवून दिला. मी समोर होते. मला ते अगदी शहाणपणाचं वाटलं.

आणखी एक सांगायला हवं. हे यंत्र दर वेळी पानं जुळवून झाली की आपण काय काय केलं ते वेगळ्या फाइलीत लिहून ठेवतं. पाचसहाशे ओळी, सगळ्या तांत्रिक. पहिले काही दिवस वहिनीने त्या वाचायचा प्रयत्न केला. मग हात टेकले. “त्याची बडबड चालू असते,” म्हणाली. औषधाची चिठ्ठी शेवटच्या टिंबापर्यंत वाचणारी बाई ती एक फाइल तेवढी उघडेनाशी झाली.

पानं तयार झाल्यावर ती तिने तीनदा तपासली. तिसऱ्या वेळी तिच्या जुन्या पद्धतीने, शेवटच्या शब्दाकडून पहिल्या शब्दाकडे. अर्थ लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक सुटते, म्हणून अर्थच लागू द्यायचा नाही. मग पहिल्या पानावर ‘छापावे’ लिहून सही केली. तीन आठवड्यांनी दोनशे प्रती घरी आल्या.

त्या दिवशी दादाने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. त्याची नजर तोवर वाटीच्या तोंडाएवढी उरली होती आणि त्यातही भिंग लागायचं. वहिनीने गठ्ठ्यातून एक प्रत काढली, खरोखरच चादरीच्या तुकड्यात गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. त्याने चादर ओढली. मुखपृष्ठावर त्याची ठळक अक्षरं होती. तो हसला, त्यांच्यावरून अंगठा फिरवला. मग पुस्तक उघडून खिडकीशी गेला. शीर्षक पाहिलं. भिंग खाली मजकुरावर आणलं आणि तिथेच राहिला. पान उलटलं. आणखी एक उलटलं.

मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. तिथे ‘निर्मळ’ होतं, आणि ‘ळ’चे दोन्ही गोल सारखे होते. ‘ल’ला पोट नव्हतं. अक्षरं नीटस होती, वाचायला सोपी होती, आणि दादाची नव्हती. शीर्षकं तेवढी त्याची, खालचा सगळा मजकूर कुणा परक्याचा.

“कसं झालंय?” वहिनीने विचारलं. तिने दोन्ही हात पदराखाली एकमेकांत घट्ट धरले होते.

दादाने पुस्तक मिटलं. “देखणं झालंय,” तो म्हणाला, आणि चाचपडत माझं मनगट शोधून असं दाबलं की चिमटा बसला.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल. त्या दिवशी बसले. वहिनी शेजाऱ्यांना प्रती द्यायला गेली तशी मी तोंड उघडलं.

“दादा, अरे ही तुझी अक्षरं नाहीत.”

“मोठी आहेत ना माझी? तेवढी पुरेत.”

“तिला सांगायला नको?”

“सांगून काय होईल? पुन्हा बसेल ती त्या खिडकीत. तिची मान बघितलीस का, वळत नाही हल्ली,” तो म्हणाला. “आणि तोवर माझे डोळे थांबणारेत का? तुला माझी शपथ आहे.”

शपथ मी पाळली, पण मला वहिनीचा भयंकर राग आला, तो इथे लपवत नाही. आख्खी हयात जिने या माणसाच्या पाट्यांखालून ये-जा केली, तिला त्याचा हात ओळखू येऊ नये? परक्या भाषेतली पुस्तिका कळते आणि नवऱ्याचा ‘ळ’ कळत नाही? मी काही दिवस त्या घरी जायचंच टाळलं. गेले तरी पुस्तकाचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचे.

दोन महिन्यांत दादाची उरलेली नजरही गेली. उजेड आहे की अंधार एवढं कळायचं. वहिनी दुपारी त्याला तेच पुस्तक वाचून दाखवू लागली. तो मन लावून ऐकायचा, मध्येच म्हणायचा, “हे छान आलंय हं.” मला ते ऐकवत नसे.

मग एका वाचकाचं पत्र आलं. कुणी निवृत्त शिक्षक. पुस्तकाचं मनापासून कौतुक केलं होतं आणि खाली लिहिलं होतं की पान एकेचाळीसवर एका ओळीच्या शेवटी ‘आणि’ आहे आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा ‘आणि’ आहे. वहिनीला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तीन वाचनं करून एक ‘आणि’ सुटला, हे तिला सहन होईना. पुढची आवृत्ती निघेल न निघेल, पण चूक फाइलीत राहता कामा नये, म्हणून ती पुन्हा खिडकीत बसली. आणि स्वतःला शिक्षा म्हणून या वेळी तिने ठरवलं की यंत्राने लिहिलेलंही सगळं वाचायचं, बडबडीसकट.

मला सकाळी अकराला फोन आला. “वन्सं, तुम्ही जरा येता का?”

तो ‘तुम्ही’ ऐकूनच मला कळलं. चपला अडकवून मी दोन गल्ल्या चालत गेले.

टेबलावर दादाची कार्डं पसरली होती, शेजारी पुस्तक उघडं होतं, त्यावर भिंग. पडद्यावर ती बडबडीची फाइल होती. वहिनीने बोटाने एक ओळ दाखवली आणि मला अर्थ सांगितला. मजकुराचा फॉन्ट दिलेल्या पत्त्यावर सापडला नाही, त्याच्या जागी माझ्याकडचा वापरला आहे. यंत्राने हे दर वेळी लिहिलं होतं, पेन ड्राइव्ह कपाटात गेला त्या दिवसापासून.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“यांना?”

“पहिल्याच दिवशी.”

ती खुर्चीत मागे टेकली. मला वाटलं होतं ती माझ्यावर ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. “मी शब्द तपासत होते गं,” ती म्हणाली. ‘वन्सं’ गळून पडलं होतं. “पहिलं पान त्यांच्या अक्षरात आलं ते मी बघितलं, आणि नंतर अक्षराकडे बघितलंच नाही. चूक आहे का, एवढंच बघितलं. तीनदा. उलटंसुद्धा वाचलं मी.” मग तिला रडू आलं. “हरवू नये म्हणून ठेवला होता गं तो.”

माझा सगळा राग कुठे गेला कळलं नाही. मी तिच्या मानेवर हात ठेवला. ती खरोखरच वळत नव्हती.

आतून दादाने विचारलं, “कळलं का तिला?” मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, “अगं, कपाटातच आहे ना? मग हरवलं कुठे?”

वहिनीने डोळे पुसले, कपाट उघडलं, रुमाल सोडला. फॉन्टची फाइल पुस्तकाशेजारी आणून ठेवली, पत्त्याची एक ओळ बदलली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं होतं, म्हणून सांगते. ज्यासाठी तो डोळे ताणून थांबला होता ते दहा मिनिटांचं काम होतं.

एकच प्रत काढली, घरच्या प्रिंटरवर. मी शाळेत शिवण शिकवत असे, म्हणून पानं मी शिवली, दुहेरी दोऱ्याने. दुपारी वहिनी ती प्रत घेऊन दादाच्या पलंगावर बसली आणि तिने ती त्याच्या मांडीवर ठेवली.

“कुठल्या अक्षरात आहे?” त्याने विचारलं.

“तुमच्या.”

“मग मला शब्द नको सांगूस. ते पाठ झालेत. अक्षरं सांग.”

वहिनीने भिंग घेतलं. तिला सुरुवातच सुचेना. मग हळूहळू म्हणाली, “पहिला ‘प’ आहे. पोट मोकळं आहे. दांडी खाली येताना बारीक होत गेलीय.”

“ब्रश उचलताना होतं ते. बाईंनी ठेवलं म्हणायचं. आणि शिरोरेघ?”

“अगदी सरळ नाही. उजवीकडे किंचित चढलीय.”

“चढायलाच हवी. मी शिडी डावीकडे लावून लिहायचो, हाताला तेच वळण पडलं.”

“हे मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू कधी विचारलं नाहीस,” दादा म्हणाला, आणि ते त्याने लागेल असं म्हटलं नाही, पण तिला लागलं. तिने भिंग दुसऱ्या हातात घेतलं आणि पुढचं अक्षर धरलं. एकेका अक्षराला ती इतका वेळ लावत होती की तासाभरात पहिली ओळही संपली नव्हती.

मी रिकामीच बसले होते, म्हणून सुटी पडलेली पानं चाळत होते. प्रिंटरमधून चुकून दोनदा निघाली होती ती. अक्षरं बदलल्यामुळे मजकूर पुढे सरकला होता. जुन्या एकेचाळीसाव्या पानावरचा मजकूर आता त्रेचाळीसाव्या पानावर गेला होता, आणि ते दोन ‘आणि’ एकाच ओळीत, अगदी शेजारी शेजारी उभे होते. ज्यासाठी फाइल उघडली होती तीच चूक दुरुस्त करायची राहून गेली होती.

“वहिनी,” मी म्हटलं, “तो ‘आणि’ तसाच राहिलाय बघ.”

तिने मान वर केली नाही. भिंग पानावर होतं, आणि दुसऱ्या हाताने ती दादाचं बोट शोधत होती.

“राहू दे,” ती म्हणाली. “इथे ‘ळ’ आलाय. अहो, बोट आणा इकडे.”